सर्व म्हणजे किती?

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा नेमकं काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐकण्यासारखं असतं. आम्हां गोंयकारांना त्याची इतकी सवय झालेली असते, की हात जोडून उभं राहायचं, दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं आणि मनात गाडी नीट लावलीय ना याची काळजी करायची. पण लक्ष दिलं तर मजकूर मोठा काटेकोर असतो. कुठल्या घराण्यातलं लेकरू, कुठल्या वाड्यावरचं, काय अडलंय, काय व्हायला हवं, झालं तर काय अर्पण करणार, आणि कळत-नकळत चुकलंमाकलं असेल ते पदरात घे. ‘तू वाट्टेल ते करू शकतोस’ हे वाक्य मी त्यात अजून ऐकलेलं नाही. उलट ‘तुझ्या शिवेत’, ‘तुझ्या राज्यात’ असे हद्द आखणारे शब्दच जास्त.

मला हे ऐकू यायला लागलं ते भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे वयच वाद घालायचं. चवथीची गडबड चाललेली, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला सुपारीचा घड, चिबूड, तोरिंगं, कांगलां सगळं टांगून झालेलं, आणि हा स्टुलावरून उतरता उतरता मला विचारतो, “मामा, देव सर्वशक्तिमान ना? मग त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही एवढा जड धोंडा तो करू शकतो का? केला तर उचलता येत नाही. नाही करता आला, तर तिथेच संपलं.”

माझी आई आतून म्हणाली, “आधी तो पाट उचलून इकडे आण.”

पाट आला. कोडं राहिलं.

मी बँकेत नोकरी केली, पण कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि ती खाज अजून गेलेली नाही. भाच्याला वाटत होतं त्याने देवाला कोंडीत पकडलं. हे कोडं शेकडो वर्षांचं आहे आणि त्यावर माणसं आयुष्यभर बसलेली आहेत, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला. स्वतःची शंका जुनी निघाली की तरुण माणसाला अपमान वाटतो.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने याचा निकाल लावला तो असा. देव सर्व करू शकतो, यातलं ‘सर्व’ म्हणजे जे जे मुळात होऊ शकतं ते सर्व. ज्याचं वर्णनच स्वतःला खोडून काढतं, ते या ‘सर्व’मध्ये बसतच नाही. ‘देव ते करू शकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘ते होऊ शकत नाही’ म्हणणं बरं, असं तो लिहितो. सर्वसमर्थाला न उचलता येणारा धोंडा हा धोंड्याचा एखादा अवघड प्रकार नव्हे. एकमेकांना मारणारे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणून त्यातून वस्तू तयार होत नाही.

हा भेद कळायला आपल्याकडच्या शास्त्रकारांची दोन उदाहरणं कामी येतात. सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा. (दुसरं उदाहरण कठोर आहे, घरात कुणासमोर मी ते उच्चारणार नाही, पण ग्रंथांत तेच आहे.) वादात दोन्हींचा उपयोग ‘मुळीच नसलेली गोष्ट’ म्हणून सरसकट करतात. पण जरा थांबून पाहिलं तर दोन्हींचं नसणं एका जातीचं नाही. सशाला शिंग नसतं, हे ससे पाहून कळतं. उद्या एखाद्या सशाला शिंग फुटलं तर आपण डोळे चोळू, वर्तमानपत्रात फोटो येईल, पण भाषेचं काही बिघडणार नाही. वांझेच्या मुलासाठी मात्र कुठे पाहायला जायची गरजच नाही. मुलगा झाला त्या क्षणी ती वांझ उरत नाही. देवाने मनात आणलं तर सशाला शिंग देता येईल. दुसऱ्या प्रकरणात देवाने नेमकं काय मनात आणायचं, हेच सांगता येत नाही.

यावरही एकाचं समाधान झालं नाही. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३० साली मित्राला लिहिलेल्या पत्रांत म्हटलं, की गणितातली सत्यंसुद्धा देवानेच ठरवली आहेत, राजा आपल्या राज्यात कायदे करतो तशी. म्हणजे तर्काची चौकटही त्याचीच. ती त्याला बांधणार कशी? भाच्याला हा देकार्त फार आवडला, कारण त्याला वाटलं की आता देवाला तो न उचलता येणारा धोंडा करता यायलाच हवा, म्हणजे देव पुरता अडकला. पण हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६४ साली छोटंसं टिपण लिहून यातली हवा काढली. देव एक अशक्य गोष्ट करू शकतो असं धरलंत ना? मग दुसरीही करू द्या. न उचलता येणारा धोंडा करील आणि तो उचलेल. तर्क सोडायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर पुन्हा तर्काला हाक मारू नये. मला हे उत्तर अक्वायनसपेक्षाही गोड वाटतं, कारण त्यात देवाची बाजू घेतलेली नाही. प्रश्न विचारणाऱ्याला फक्त त्याच्याच नियमाने खेळायला लावलं आहे.

कोडं इथे संपतं. पण त्याच्यामुळे जो दुसरा प्रश्न वर आला, तो मला जास्त चिकटला. ‘सर्वशक्तिमान’ या शब्दाची व्याख्या करायची तरी कशी?

व्याख्येच्या बाबतीत आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, फार खडूस. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा पोराटोरांना शिकवायचा ग्रंथ, पण त्यावरच्या त्याच्याच टीकेत व्याख्येचे तीन दोष एका गायीवर दाखवून दिले आहेत. गाय म्हणजे तांबूस-पिंगट जनावर म्हटलं, तर काळ्यापांढऱ्या गायी बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर म्हटलं, तर म्हैसही आत शिरली, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे अखंड खुराचं जनावर म्हटलं, तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. खरी खूण गळ्याखाली लोंबणारी पोळी, जी गायीलाच असते, असं त्यांचं म्हणणं.

आता हाच फणा ‘सर्वशक्तिमान’वर काढू. ‘जो कुठलीही क्रिया करू शकतो तो.’ देव विसरू शकतो का? आजारी पडू शकतो? किल्ल्या हरवू शकतो? मी हे सगळं एका आठवड्यात करतो. म्हणजे ही व्याख्या देवालाच लागू पडेना: असंभव. यावर ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकात म्हटलं होतं, की देव मरू शकत नाही, फसू शकत नाही, आणि म्हणूनच तो सर्वसमर्थ आहे. मरता येणं ही काही ताकद नव्हे. पटतं. मग व्याख्या दुरुस्त करू: ‘जो आपल्या स्वभावाला शक्य असेल ते सगळं करू शकतो तो.’ छान वाटतं, देवाला लागूही पडते. पण भाच्याचा तो धोंडा? त्याच्या स्वभावात पडून राहणं तेवढं आहे, आणि ते तो अगदी पूर्णपणे करतो. धोंडाही सर्वशक्तिमान ठरला! याहून सुंदर अतिव्याप्ती मी पाहिलेली नाही. आणि यातून सुटायला ‘देवाला जे शक्य ते सगळं देव करू शकतो’ असं म्हणावं, तर ते आपलीच शेपटी धरून फिरणं झालं. त्याला नैयायिक आत्माश्रय म्हणतात.

नवे तत्त्वज्ञही हीच वर्तुळं घालत आले आहेत, फक्त मासिकांची नावं वेगळी. पीटर गीच या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ साली कंटाळून म्हटलं, की ‘सर्व काही करू शकणारा’ ही कल्पनाच सोडा, तिला धड रूप येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेला लागते ती ‘सर्वांवर सत्ता असलेला’ ही कल्पना, आणि ती वेगळी. करण्याची ताकद एक, अधिकार दुसरा. ग्रीक प्रार्थनांमध्येही मूळ शब्द ‘सर्वांवर राज्य करणारा’ असाच आहे; त्याच्या जागी लॅटिनमध्ये ‘सर्व करू शकणारा’ आला आणि पंडितांना काही शतकांचं काम मिळालं.

गोव्यात बसून हा भेद वाचताना मला हसू आलं. इथे तो जमिनीवर उभा करून दाखवता येतो.

श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. गोव्यातला हा साष्टी प्रांत पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेला, देवळं पाडली जायची वेळ आली, तेव्हा १५६० साली महाजनांनी लिंग उचललं, झुवारी नदी ओलांडली आणि अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला, प्रियोळला आणलं. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत, पोर्तुगिजांचा हात तिथे पोचत नव्हता. वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज बसने फोंड्याला जाताना जी देवळं पर्यटकांना ‘प्राचीन’ म्हणून दाखवतात, ती एका अर्थाने निर्वासितांची घरं आहेत.

आता भाच्याचं कोडं इथे लावा. ज्या देवाला भक्तांनी उचलून होडीतून पलीकडे न्यायला लागलं, तो सर्वशक्तिमान कसा? समोरच्या पक्षाने हे विचारलं असतं तर तर्काला धरूनच होतं. पण साडेचारशे वर्षांत आमच्या घराण्यात हा प्रश्न कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे ‘देव अंत्रुजात आला’ असंच म्हणतात. आजी म्हणायची, “त्याला इकडे यायचं होतं.” खांद्यावर कोण होतं हा तिच्या लेखी हमालीचा तपशील. ती देवाचं सामर्थ्य किती वजन उचलता येतं यावर मोजत नव्हती. देव कुणाचा, आणि कुणाचं ऐकायचं, एवढंच तिला त्या शब्दातून कळत होतं. गीचला आजी भेटायला हवी होती.

आणि गंमत पाहा, ज्या साष्टीतून हे देव निघाले, तिथेच थोड्या वर्षांनी एक इंग्रज जेझुईट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक, येऊन राहिला. थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आला, उरलेलं आयुष्य इथेच घालवलं. त्याने आमच्या मराठीत, आमच्याच ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली रायतूरला छापलं. त्याची पहिली ओवी अशी: ‘वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्व समर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा ॥’ सर्वसमर्थ. हाताशी संस्कृतातले किती तरी भरजरी शब्द होते, पण याने ज्या ओवीची सुरुवात ‘वो नमो’ने होते तिथे शोभेल असा, कानाला ओळखीचा शब्द उचलला. आणि उचलला तो कसा, तर हाक म्हणून. त्या ओवीत देवाची व्याख्या नाही. चारही चरणांत त्याला बोलावणं आहे.

मला वाटतं गाठ इथे सुटते, निदान अर्धी. शब्दाचा अर्थ मुलाला कसा कळतो, याचं नैयायिकांनी आणि वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी दिलेलं वर्णन अजूनही कुणी मोडीत काढू शकलेलं नाही. मोठा माणूस म्हणतो ‘गाय आण’, दुसरा जाऊन गाय आणतो. मग म्हणतो ‘गाय बांध, घोडा आण’. पोर बाजूला उभं राहून पाहतं, आणि कुठला आवाज कुठल्या वस्तूचा ते हळूहळू वेगळं काढतं. याला वृद्धव्यवहार म्हणायचं. व्याकरण, कोश, उपमा यांनीही अर्थ कळतो, पण मुळाशी हे.

मग ‘सर्वशक्तिमान’ आपण कुठल्या व्यवहारात शिकलो? कुणी बोट दाखवून ‘बघ, हे सर्वशक्तिमानाचं काम’ म्हटलेलं नसतं. लहानपणी ताप चढलेला, कपाळावर पाण्याची पट्टी, आणि कुणीतरी देव्हाऱ्याकडे तोंड करून पुटपुटतंय. होडी परतायला उशीर झालाय. निकाल लागायचाय. शब्द आला तो नेहमी संबोधन होऊन, अडलेल्याच्या तोंडून. अशा ठिकाणी शिकलेला शब्द काढून घेऊन ‘सर्व क्रियांचा संच घ्या’ म्हणून फळ्यावर मांडला, की तो वाकडातिकडा दिसणारच. ‘सर्व’ हा शब्द तर एरवीही हद्द सांगूनच चालतो. चवथीच्या पंगतीनंतर आई विचारते, ‘सगळे जेवले?’ तेव्हा ‘नाही, म्हापशाचे लोक राहिले’ असं कुणी उत्तर देत नाही. सगळे म्हणजे या घरात आज पानावर बसायचे होते ते. हद्द बोललेली नसते, पण दोघांनाही ठाऊक असते.

गाऱ्हाण्यातली शीव तर बोललेलीच असते. आमच्या गावात राखणदार आहे. त्याची हद्द ओढ्यापर्यंत, पलीकडे दुसऱ्याची. रात्री ओढा ओलांडताना जुनी माणसं अलीकडच्याचा निरोप घेऊन पलीकडच्याला हाक देत. त्या राखणदाराला पृथ्वी कुणी केली वगैरे विचारायची कुणाची टाप नव्हती आणि गरजही नव्हती. आपल्या हद्दीत त्याचं चालतं, पुरे. पंडितांचा सर्वशक्तिमान आणि ओढ्याअलीकडचा राखणदार एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात, हे मला कधीच विसंगत वाटलेलं नाही. तत्त्वज्ञान वाचलेल्यांना ते वाटतं, आणि त्यावर ते लोकांनाच नावं ठेवतात.

आता अन्नंभट्टाकडून एक शेवटची गोष्ट घेतो, कारण ती फार चमत्कारिक आहे. शब्दात अर्थ सांगायची जी ताकद असते तिला न्यायात ‘शक्ती’ असंच म्हणतात, आणि तिची व्याख्या तो करतो: ‘या पदाने हा अर्थ समजावा’ असा ईश्वराचा संकेत, ती शक्ती. म्हणजे शब्दाची ताकद देवाच्या इच्छेने, आणि देवाची ताकद ठरवायला आपण शब्द घेऊन बसलेलो. नव्या नैयायिकांना हे जड झालं. आज बारशात ठेवलेल्या नावामागे ईश्वराची इच्छा कुठे शोधायची? ते म्हणाले, कुणाचीही इच्छा चालेल. भाच्याने यावर लगेच पकडलं: “मग देवाने संकेत बदलला तर चौकोनी वर्तुळ होईल की!” नाही होणार. देवाने, किंवा गोवा बोर्डाने, उद्यापासून चौकोनाला ‘वर्तुळ’ म्हणायचं ठरवलं तर पुस्तकं बदलतील. कोपरे तसेच राहतील.

शंकराचार्यांनी हा भेद ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात अगदी आरंभीच केला आहे. ‘कर्तुमकर्तुमन्यथा वा कर्तुम्’ हे शब्द आपण बोलण्यात किती सहज वापरतो. पूर्वी ऑफिसात एखादा साहेब ‘कर्तुमकर्तुम्’ असायचा, म्हणजे बदली करील, थांबवील, भलतीकडेच करील. आचार्य म्हणतात, हे स्वातंत्र्य क्रियेच्या बाबतीत. घोड्यावरून जा, पायी जा, जाऊच नका. पण समोर खांब आहे की माणूस, यात असा पर्याय नसतो. ते वस्तू ठरवते, तुम्ही नाही. ते तिथे ज्ञानाबद्दल बोलत आहेत, देवाच्या ताकदीबद्दल नाही, हे मला माहीत आहे. तरी धोंड्याच्या कोड्याला याहून चांगलं औजार मला मिळालेलं नाही.

आणि हेच औजार हातात असताना आतेचं प्रकरण आलं.

आतेच्या मानेत गाठ आली होती. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्टचं बंद पाकीट मी घेऊन आलो. तिने ते उघडू दिलं नाही. हातपाय धुतले, पाकीट देव्हाऱ्यात समईजवळ ठेवलं, वर एक अनंताचं फूल, आणि डोळे मिटून उभी राहिली. पाकिटाच्या कोपऱ्याला तेलाचा डाग पडला होता, तो पुढे प्रत्येक डॉक्टरने बोटाने चाचपून पाहिला.

मी मागे उभा. आत काय छापलंय ते केव्हाच छापून झालं आहे. गाठ जी आहे ती आहे. आता मागायचं काय? यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत याला सरळ फोल प्रार्थना म्हटलं आहे. उदाहरण असं: माणूस गावाबाहेरून परत येतोय, गावातून आकांत ऐकू येतो, आणि तो म्हणतो, ‘हा माझ्या घरातला नसू दे.’ फोल. जे झालं ते झालं. ग्रीकांच्या एका कवीचं वचन अ‍ॅरिस्टॉटलने दिलं आहे, की झालेलं न झालेलं करणं एवढी एकच गोष्ट देवालाही नाही. बुद्धीला हे पटतं. पण तो गावाबाहेरचा माणूस दुसरं काय म्हणणार होता?

मायकल डमेट या तत्त्वज्ञाने १९६४ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला, आणि मला वाटतं त्याने त्या माणसाची लाज राखली. प्रार्थना करणारा भूतकाळ बदलायला सांगत नाही. जे झालं, ते होतानाच माझी आत्ताची हाक धरली गेलेली असू दे, एवढंच मागतो. देवाला पुढचं दिसत असेल तर यात व्याघात कुठे? योगसूत्रांत ईश्वर ‘कालाने न तोडलेला’ म्हटला आहे. असा असेल तर आतेचं उभं राहणं त्याला उशिरा कळणार नाही.

हे सगळं मी तिला सांगायला गेलो, जरा सोप्या भाषेत. ती म्हणाली, “रिपोर्ट बदल असं मी कुठे म्हटलं?”

“मग काय म्हटलंस?”

“सांगितलं त्याला. आणलाय म्हणून.”

“त्याला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. पण सांगायला नको?”

पाकीट उघडलं. बातमी चांगली नव्हती.

मग ऑपरेशन इथे करायचं की बेळगावला न्यायचं, यासाठी तिने देवळात पाकळी लावायला सांगितली. गाभाऱ्यात भटजींनी ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या, प्रश्न घातला, आणि आम्ही बाहेर पंख्याखाली बसून राहिलो. पाकळी सुकत सुकत कधी सुटेल याचा नेम नसतो. बऱ्याच वेळाने उजवीकडची पडली. बेळगाव. घरी येऊन तिने मला तिथल्या दोन डॉक्टरांची नावं काढायला सांगितली, कारण “देवाने गाव सांगितलंय, डॉक्टर नाही.” हद्द पुन्हा आलीच.

पण इथे माझी व्याख्या थकते, हे सांगितलंच पाहिजे. धोंड्याच्या कोड्यात देव सुटला, कारण तिथे मागणीच पोकळ होती. आतेच्या गळ्यातली गाठ विरघळणं यात काही पोकळ नाही. वांझेचा मुलगा नाही की चौकोनी वर्तुळ नाही. औषधांनी कधीकधी होतं, आपोआपही क्वचित होतं. ‘सर्व’ कितीही आकसून घ्या, हे त्यात बसतंच. मग? जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ साली हाच मुद्दा निर्दयपणे मांडला: देव सर्वसमर्थ, देव पूर्ण चांगला, आणि जगात दुःख आहे, ही तीन वाक्यं एकत्र उभी राहत नाहीत. भाच्याने तो निबंध शोधून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, रात्री अकराला, काही न लिहिता.

वेदान्ताचं उत्तर मला पाठ आहे. ईश्वरावर पक्षपात आणि क्रूरतेचा दोष येत नाही, कारण तो सापेक्ष आहे. जीवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, भात होतं की जव हे बियाण्यावर, असं आचार्य सांगतात. ग्रंथात हे उत्तर उत्तम आहे. कारण त्यात ‘सर्व’ची हद्द प्रामाणिकपणे आखली आहे, मनमानी करणारा देव त्यांनी पहिल्यापासूनच ठेवलेला नाही. पण खाटेशेजारी बसून ते म्हणून बघा. तुझंच बियाणं तसं, असं मी आतेला म्हणणार नाही, आणि जो म्हणेल त्याला घरात घेणार नाही.

भाचा त्याहून पुढचं बोलला. “कर्माचा हिशेब देवालाही मोडता येत नसेल, तर देव हवा कशाला? हिशेबच पुरे.” त्याला माहीत नव्हतं, पण हे मीमांसकांचं मत. कर्म आपलं फळ आपणच देतं म्हणून त्यांनी जगाचा कर्ता ईश्वर मानलाच नाही, आणि तरी वेद सोडले नाहीत. त्यांच्याशी आणि बौद्धांशी भांडायला दहाव्या शतकात उदयनाचार्यांसारखा नैयायिक लागला. ईश्वर आहे, हे सिद्ध करण्यात त्याने हयात घालवली.

त्याची एक आख्यायिका सांगतात. इतकं करून तो पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेला आणि दार बंद. तेव्हा हा तर्कपंडित देवाला श्लोकात म्हणाला, ऐश्वर्याच्या मदात आहेस, माझ्याकडे बघत नाहीस. पण बौद्ध येऊन उभे राहिले की तुझं असणं माझ्या हातात आहे.

केमोच्या तिसऱ्या फेरीला सलाइन चालू असताना आतेला मी ही गोष्ट सांगितली. तिने सुईचा हात तसाच ठेवून मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, “मग? उघडलं का दार?”